नवी 'मैत्री' बांधा की, पण जुनी कधी उचलणार ते पण आत्ताच लिहून ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक बोटभर बातमी आली होती, की अंटार्क्टिकातलं आपलं 'मैत्री' नावाचं संशोधन स्टेशन जुनं झालंय आणि त्याच्या जागी 'मैत्री-२' बांधायचं ठरलंय, खर्च साधारण २००० कोटी, टार्गेट जानेवारी २०२९. बातमी छोटी होती पण माझ्या डोक्यातनं काही जाईना, म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय. कापायचं असेल तर कापा, फक्त मधला अलिबागचा भाग तेवढा ठेवा.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर लोक म्हणतील ह्याला काय कळतंय. मी शास्त्रज्ञ वगैरे काही नाही. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. बॉयलर, डीजी सेट म्हणजे डिझेल जनरेटर, कॉम्प्रेसर, पाण्याच्या लाईनी, जे बंद पडेल ते माझं. आता रिटायर आहे, सकाळी सिद्धेश्वर तळ्याला एक चक्कर मारतो आणि मग चहाच्या टपरीवर पेपर वाचतो. ही बातमी मी टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवली तर आमचा एक दोस्त म्हणतो, "तुला काय करायचंय बे अंटार्क्टिकाचं, घरात पाणी पाचव्या दिवशी येलालंय ते बघ की आधी." सगळे हसले, मी पण हसलो. पण घरी आल्यावर वाटलं की उलट आपल्यासारख्यांनीच ह्यावर बोलायला पाहिजे, कारण जुनं चालू ठेवून नवं उभं करायचं हे काम आपण केलंय, चुकवलंय पण, आणि ते चुकलं की काय होतं ते ह्या हातांनी निस्तरलंय.

ते आधी सांगतो. आमच्या मालकांनी नवी शेड बांधली, जुन्यापासून दोन किलोमीटरवर. ठरलं असं की दिवाळीत कामगार गावाला गेले की दहा दिवसात सगळं हलवायचं. इथपर्यंत ठीक. पण पैसे वाचवायचे म्हणून जुन्या पॅनलची जाडी केबल तोडून तीच नव्या शेडला वापरली, जुन्या बॉयलरची स्टीम लाईन पण कापली, म्हणजे मागं फिरायचा रस्ताच बंद. नवा डीजी बसला, पूजा झाली, नारळ फुटला, स्टार्टर मारला तर एकदम झकास चालला, पेढे वाटले. पण तो चालला नो-लोडवर ओ, म्हणजे वर काही भार नसताना. पाडव्यानंतर माग लावले, लोड आला, आणि चाळीस मिनिटात टेम्परेचरवर ट्रिप. थंड करून परत लावला, परत ट्रिप. दोन दिवस आम्ही इंजिनमध्येच डोकं घालून बसलो आणि दोष निघाला खोलीत, गरम हवा बाहेर जायला भिंतीत जाळीच ठेवली नव्हती, रेडिएटरची हवा भिंतीवर आपटून परत रेडिएटरवरच. ती भिंत फोडली तोवर बॉयलरचा घोळ निघाला, नव्या बोअरचं पाणी जड, सॉफ्टनर अजून यायचाय. तेवीस दिवस कारखाना बंद. दोन ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच.

आणि जुनी शेड? ती तशीच राहिली. बॉयलर नंतर काढू म्हणाले. भंगारवाला येऊन बघून गेला, म्हणाला कापायचा खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त होतोय, मला परवडत नाय. मग कोण काढतंय? अकरा वर्षं तो बॉयलर तिथंच होता, चिमणीच्या बुडातनं पिंपळ उगवला आणि पावसाळ्यात फायरबॉक्समध्ये पाणी साठून डासांची शाळा. मी जाता येता बघायचो आणि मला त्याची लाज वाटायची, कारण त्याची प्रत्येक ग्लँड मी आवळलेली होती.

आता मैत्रीकडं येतो. आपलं पहिलं स्टेशन मैत्री नव्हतं, ते होतं 'दक्षिण गंगोत्री'. डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली आपली पहिली मोहीम ९ जानेवारी १९८२ ला तिथं उतरली, आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्तांच्या नेतृत्वाखाली, ८१ जणांच्या टीमनं आठ आठवड्यात ते स्टेशन उभं केलं. आठ आठवडे! आमच्या गल्लीतलं गटार त्याहून जास्त दिवस खणून ठेवलंय. त्याच मोहिमेत नागपूरच्या डॉ. अदिती पंत होत्या, अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय बायकांपैकी एक, दुसऱ्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. हे आपल्या शाळांमधनं का शिकवत नाहीत काय माहिती.

पण दक्षिण गंगोत्री बांधलं होतं बर्फावर. तिथं बर्फ वरनं साठत जातो, वितळत नाही, मग बिल्डिंग दरवर्षी थोडी थोडी खाली, असं करत करत ती गाडलीच गेली आणि १९९० ला बंद करावी लागली. मात्र बंद व्हायच्या आधीच दुसरी तयार होती, शिर्माकर ओॲसिस म्हणून उघड्या खडकाचा पट्टा आहे तिथं, लोखंडी पायांवर उभी, तीच मैत्री, १९८९ पासनं चालू. शेजारी गोड्या पाण्याचं तळं, त्याला नाव प्रियदर्शिनी, पिण्याचं पाणी तिथनंच. चारपाच किलोमीटरवर रशियाचं नोवोलाझारेव्स्काया स्टेशन, म्हणजे शेजार म्हणावा तर तेवढाच. हिवाळ्यात साधारण पंचवीस माणसं राहतात आणि मे शेवटापासनं दोन महिने सूर्य उगवतच नाही.

म्हणजे खडकावर असल्यानं मैत्री गाडली जायची भीती नाही, पण झिज कुठं जाते. छत्तीस-सदतीस वर्षं तो वारा, वाऱ्याबरोबर बर्फाचे कण वाळूसारखे येऊन आपटणार, आत गरम बाहेर गारठा त्यामुळं सील, पॅकिंग, पाईप, वायरिंग सगळं आखडून प्रसरून थकतं. फिटरला विचारा, लोखंड नाही मरत लवकर, आधी रबर मरतं. आणि दुसरी एक गोष्ट जी लोक बोलत नाहीत, मैत्री बांधली १९८९ ला आणि अंटार्क्टिकाचा पर्यावरणाचा करार, माद्रिद प्रोटोकॉल म्हणतात तो, झाला १९९१ ला आणि लागू झाला १९९८ ला. म्हणजे सांडपाणी, मैला, कचरा, तेलाची गळती ह्याचे आजचे कडक नियम आहेत ते बांधताना समोर नव्हतेच, नंतर ठिगळं लावून बसवायचं. जुन्या वाड्यात लिफ्ट बसवल्यासारखं, बसते पण जिन्याचा जीव जातो. तेव्हा नवं पाहिजे ह्यात माझं काहीच दुमत नाही. पाहिजेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवं बांधायच्या कागदात दोन गोष्टी आत्ताच, टेंडरच्या आधी, पैशासकट आणि तारखेसकट लिहा. नव्या मैत्रीनं एक पूर्ण हिवाळा काढल्याशिवाय जुनीची एक पण केबल तोडायची नाही. आणि जुनी कधी खोलणार, कोण खोलणार, बोटीनं परत कोण आणणार आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातनं, हे त्याच २००० कोटींच्या कागदात पाहिजे, "नंतर बघू" मध्ये नको.

हिवाळ्याचं एवढं का म्हणतो, तर तिथला उन्हाळा म्हणजे नो-लोड आहे ओ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च उजेड भरपूर, बोट किनाऱ्याला, विमानं केप टाऊनहून येतायत, काही अडलं तर निदान पुढच्या फेरीत येईल. त्या दिवसात रिबिन कापून फोटो काढला तर सगळं झकास चालणारच, आमचा डीजी चालला तसा. फुल लोड येतो जूनमध्ये. अंधार, बोट गेलेली, सगळीकडं बर्फ, आणि चालू आहे ते चालू ठेवायचं. तेव्हा कळतं भिंतीत जाळी ठेवली का नाही ते.

सामान पोचवायचं म्हणाल तर बोट मैत्रीपर्यंत जातच नाही. बर्फाच्या कडेला उतरवायचं आणि तिथनं सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते विजापूर समजा, बर्फावरनं पट्ट्याच्या गाड्यांना स्लेज जोडून ओढत न्यायचं, मधे भेगा, वरनं बर्फाचा पातळ पापुद्रा आणि खाली खोल खड्डा. इथं आमचा एक फ्लँज चुकला तर सायकल काढायची आणि एमआयडीसीतनं दुसरा आणायचा, चहा गार व्हायच्या आत काम. तिथं एक खोकं बोल्ट विसरलं तर पुढच्या वर्षीची बोट. म्हणून अख्खं स्टेशन आधी इथं आपल्या देशात जोडून बघा, चालवून बघा, प्रत्येक तुकड्यावर नंबर मारा, मग खोला आणि पाठवा. आपलं तिथलं दुसरं स्टेशन 'भारती', २०१२ पासनं चालू, ते १३४ कंटेनर जोडून केलंय, बाहेरनं आवरण आणि आत कंटेनर, म्हणजे जे खोकं सामान नेतं तेच खोकं खोली होतं. डोकं लावलंय खरं. तसं काही परत करता आलं तर बघावं.

आता अलिबागचं. माझी मुलगी अलिबागला दिलीय. जावयानं एकदा फिरताना एक जुनी वेधशाळा बाहेरनं दाखवली, म्हणाला इथं पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. मला वाटलं असेल काहीतरी. नंतर त्याची गोष्ट कळली आणि मी गार पडलो. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासनं हे मोजमाप चालू होतं. मग मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या ठरल्या. विजेची ट्राम म्हणजे जमिनीतनं करंट, म्हणजे चुंबकाच्या नाजूक सुईचा सत्यानाश. तेव्हा तिथले संचालक होते डॉ. नानाभॉय मूस. त्यांनी काय केलं, तर ट्राम यायच्या आधीच अलिबागला जागा बघितली, ज्यात लोखंडाचा अंश नाही असा पोरबंदरचा दगड आणून खोल्या बांधल्या, १९०४ ला अलिबाग चालू केलं, आणि, आता हे नीट वाचा, कुलाबा बंद केलं नाही. दोन वर्षं, १९०४ ते १९०६, दोन्हीकडं एकाच वेळी मोजत राहिले. कुलाब्याला एवढं येतंय तेव्हा अलिबागला किती येतंय, फरक किती, तो फरक पक्का झाल्यावर मग कुलाब्याचं मोजणं थांबवलं. १९०७ ला विजेची ट्राम धावली. त्यामुळं १८४१ पासनं आजपर्यंतचा आकडा सलग जोडता येतो, मधे खाच नाही. असा सलग आकडा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नाही काही नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात केलेलं काम आहे हे. मैत्रीवर पण हेच चालतं, हवामान खात्याची माणसं हवा, तापमान, ओझोन मोजतात, पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेची माणसं तिथं चुंबकत्व मोजतात, म्हणजे कुलाबा-अलिबागचेच वारसदार. मग नव्या जागेला यंत्रं नेली आणि जुनी त्याच दिवशी बंद केली तर पुढं आकडा बदलला की कळायचं कसं, हवा बदलली का जागा बदलली? आमच्याकडं वजनकाटा बदलला की आठ दिवस जुन्या-नव्या दोन्हीवर सूत तोलायचो, नाहीतर जॉबरची आणि गोडाऊनवाल्याची मारामारी. आठ दिवस सुताला लागतात तर हवेला निदान वर्ष द्या की.

हे आकडे किती कामाचे असतात त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटिशांचं हॅली स्टेशन. १९५६ ला चालू झालं, तिथं माणसं वर्षानुवर्षं ओझोन मोजत बसली, कोणाला वाटलं असेल काय फालतू काम आहे, आणि त्याच वह्यांमधनं फारमन, गार्डिनर आणि शँकलिन ह्या तिघांनी १९८५ ला जगाला सांगितलं की ओझोनच्या थराला दरवर्षी भोक पडतंय. वही सलग होती म्हणून दिसलं. गंमत म्हणजे त्या हॅलीच्या पहिल्या चार बिल्डिंगी एकामागून एक बर्फात गाडल्या गेल्या, आता सहावी चालू आहे, ती त्यांनी पायांवर आणि पायाखाली स्की लावून बांधली. का, तर उद्या गरज पडली तर ओढून नेता यावी. आणि गरज पडलीच, जवळ बर्फाला मोठी भेग पडली तर २०१६-१७ ला ट्रॅक्टर लावून अख्खं स्टेशन तुकड्या-तुकड्यांनी २३ किलोमीटर आत नेलं. ह्याला म्हणतात बांधतानाच पुढचं बघणं. आपली मैत्री खडकावर आहे, आपल्याला स्की नकोत, पण खोलायची सोय तर पाहिजे ना. नव्या मैत्रीचा प्रत्येक जोड असा पाहिजे की तीस वर्षांनी दोन माणसं स्पॅनर घेऊन गेली तर तो सुटला पाहिजे. वेल्डिंग कमी, बोल्ट जास्त, आणि बोल्ट असे जे गंजून एकजीव होत नाहीत. हे साधं वाटतं, पण ड्रॉईंग काढणारा कधी खोलायला जात नाही, खोलायला जातो आमच्यासारखा.

अमेरिकेनं अगदी दक्षिण ध्रुवावर हेच केलं बघा. १९७५ ला मोठा घुमट उभारला, तो बर्फात रुतायला लागला, मग शेजारीच पायांवर नवी बिल्डिंग. काम वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्यानं चाललं, तोपर्यंत माणसं घुमटात राहतच होती, जशी जशी नवी खोली झाली तशी तशी हलली. २००८ ला नवीचं उद्घाटन झालं आणि मग २००९-१० ला घुमट खोलून नेला परत. नेला. परत. हे दोन शब्द मला फार आवडले.

आणि उलटं उदाहरण ब्राझीलचं. त्यांचं कोमांदान्ते फेराझ स्टेशन, फेब्रुवारी २०१२, जनरेटरच्या खोलीत आग लागली, दोन माणसं गेली आणि बहुतेक सगळं स्टेशन जळालं. आपल्या मैत्रीकडं तर हवा कोरडी ठणठणीत आणि हिवाळ्यात पाणी गोठलेलं, आग लागली तर विझवणार कशानं. नवं स्टेशन उभं राहायला २०२० उजाडलं. आठ वर्षं तात्पुरत्या खोल्यांमध्ये काढली. मी जनरेटर रूममध्ये आयुष्य काढलंय म्हणून सांगतो, जनरेटर एका खोलीत सगळे ठेवूच नका. दोन खोल्या, लांब लांब, दोन वेगळ्या टाक्या, आणि एक जळाली तर दुसरीवर पंचवीस माणसं हिवाळा काढतील एवढी ताकद. सौर आणि वाऱ्याची वीज घेणार आहेत म्हणे नव्यात, चांगलंच आहे, बेल्जियमचं प्रिन्सेस एलिझाबेथ स्टेशन २००९ पासनं त्यावर चालतंय. पण ते उन्हाळ्यापुरतं माणसांनी भरतं. आपल्याला दोन महिने सूर्यच नसताना माणसं ठेवायचीत, तेव्हा पॅनल भिंतीला टेकवून ठेवायच्या लायकीचे. वारा आहे, पण वारा एवढा असतो की पंखाच मोडायचा. तेव्हा डिझेलचं मशीन राहणारच, त्याला लाजून कोपऱ्यात ढकलू नका, त्याची खोली आधी नीट काढा. आणि हवेला जाळी ठेवा ओ, विसरू नका.

न्यूझीलंडवाल्यांची पण गोष्ट आहे. त्यांचा स्कॉट बेस १९५७ चा, नवा बांधायला घेतला, आपल्या देशातच पूर्ण जोडून बोटीनं न्यायचा असा मोठा बेत, पण खर्च वाढत वाढत एवढा गेला की बेत बाजूला ठेवून परत आखायला बसावं लागलं. म्हणजे श्रीमंत, जवळच्या, सवयीच्या लोकांचं पण हे होतं. मग आपल्याकडं खर्च वाढला की पहिली कात्री कशाला लागेल ते मला विचारा. जुनं काढायच्या खर्चाला. नेहमी तिथंच लागते. कारण नव्याचं उद्घाटन असतं, जुनं काढायला कोण नारळ फोडतंय.

नियम काय म्हणतो ते पण सांगतो, कारण हे फक्त माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं खूळ नाही. त्याच माद्रिद प्रोटोकॉलमध्ये कचऱ्याचा भाग आहे, त्यात लिहिलंय की ज्यानं काम केलं आणि जागा सोडली त्यानंच ती साफ करायची. सूट दोनच, एक म्हणजे ती ऐतिहासिक वास्तू ठरली असेल तर, आणि दुसरी म्हणजे काढण्यानं न काढण्यापेक्षा जास्त नुकसान होणार असेल तर. ही दुसरी सूट फार धोक्याची आहे, भंगारवाल्याचंच वाक्य आहे ते, फक्त चांगल्या भाषेत. आणि पहिलीबद्दल म्हणाल तर दक्षिण गंगोत्रीला पहिल्या मोहिमेतल्या लोकांची नावं लिहिलेली पाटी आहे, ती ऐतिहासिक म्हणून यादीत आहे, ४४ नंबर. पाटी असू दे, मान आहे. पण उद्या मैत्रीच्या सगळ्या सांगाड्याला पाटी लावून ऐतिहासिक म्हणायला नको. आपल्याला गाळे आणि कारखान्याच्या चिमण्या ह्यांचा अनुभव आहे, कुठलं काय पाडायचं आणि कधी ह्यावर सोलापुरात किती वर्षं घालवलीत ते मी नव्यानं सांगायला नको.

शिवाय असं मोठं बांधकाम करायच्या आधी पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा सविस्तर मसुदा करून अंटार्क्टिका कराराच्या सगळ्या सदस्य देशांना द्यावा लागतो, त्यावर मतं द्यायला ९० दिवस असतात आणि त्यांच्या वार्षिक बैठकीच्या निदान १२० दिवस आधी तो पोचायला लागतो. २०२४ ची बैठक आपल्याकडंच कोचीला झाली होती, तिथंच आपण मैत्री-२ चा बेत मांडला. हा मसुदा लोकांसाठी खुला ठेवायचा असतो. माझी तुम्हाला विनंती आहे की त्यात जुनी मैत्री काढण्याबद्दल जे काही लिहिलं असेल, एक पान असो की एक ओळ, ते मराठीत छापा. एकच ओळ असेल तर ती ओळ मोठ्या टाईपात छापा.

आता आमच्या दोस्ताचं, पाण्याचं. मी त्याला म्हटलं, अरे तुझं पाणी पाचव्या दिवशी येतंय ते अंटार्क्टिकामुळं नाही. २००० कोटी तिथं नाही गेले म्हणून ते आपल्या नळातनं येणार आहेत का? तो म्हणाला, "ते खरंय, पण तिथं नळाला पाणी येतंय का रोज?" मी म्हटलं, तळं आहे शेजारी, पण पाईप गोठू नये म्हणून पाईपला सुद्धा गरम ठेवायला लागतं. त्यावर तो जे म्हणाला ते मी इथं लिहू शकत नाही, पण टपरीवाल्यानं त्याला एक चहा फुकट दिला.

आणखी एक. ध्रुवावरच्या संशोधनाचं आपलं मुख्य केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि सोलापूरहून गोव्याला आता विमान सुरू झालंय. तिथल्या साहेबांनी कधी इकडं यावं. आमच्या एमआयडीसीत पन्नास-पंचावन्न डिग्रीच्या शेडमध्ये मशीन चालू ठेवणारे फिटर आहेत, गरमीचे का असेनात, पण बंद पडू न देणारे. मोहिमेत मेकॅनिक लागतातच, इलेक्ट्रिशियन लागतात, आचारी लागतात, सगळे काही शास्त्रज्ञ नसतात. आयटीआयच्या पोरांना सांगा की अशी पण नोकरी असते. मी पंचविशीत असतो तर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पोतं बांधून गेलो असतो, दोन्ही बरेच दिवस टिकतात, तिथं तर फ्रीजची पण गरज नाही.

आमचा तो बॉयलर शेवटी निघाला, अकराव्या वर्षी, जागा विकायची वेळ आली तेव्हा. काढायला जो खर्च आला तो पहिल्या वर्षीच्या कितीतरी पट. पिंपळाची मुळं फायरबॉक्समध्ये शिरून खालची वीट फोडून गेली होती, आणि काढताना मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण मेन व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो हे माहिती असलेला मी एकटाच उरलो होतो. जुनी मैत्री बांधणारे, चालवणारे लोक आज साठी-सत्तरीत आहेत. खोलायचं काम त्यांच्या हयातीत घ्या, निदान त्यांच्याकडनं लिहून घ्या.

आपला,
एक रिटायर फिटर,
अक्कलकोट रोड, सोलापूर

ता.क. त्या बातमीबरोबर तुम्ही पांढऱ्या अस्वलाचा फोटो छापला होता. अस्वल उत्तर ध्रुवाकडं असतं साहेब, अंटार्क्टिकात एक पण नाही. पेंग्विनचा टाकावा म्हणाल तर मैत्री किनाऱ्यापासनं एवढी आत आहे की तिथं तो पण क्वचितच, तिथं स्कुआ नावाचा तपकिरी पक्षी येतो, आपल्या घारीसारखा, आणि माणसाच्या हातातलं पळवतो. पुढच्या वेळी तो टाका.